विज्ञानातली गणितं विहिरीवर न्या

नववीच्या एका वहीत मी एक उत्तर पाहिलं होतं. ते अजून डोक्यातून जात नाही. गणित साधं होतं. बैलगाडी ताशी 5 किलोमीटर चालते, तर तिचा वेग सेकंदाला किती मीटर? पोराने 5 ला 1000 ने गुणून 3600 ने भागायचं सोडून उलटं केलं, 18 ने गुणून 5 ने भागलं. उत्तर आलं सेकंदाला 18 मीटर. खाली दोन रेघा मारल्या, उत्तराला चौकट केली आणि पुढच्या गणिताला लागला.

सेकंदाला 18 मीटर म्हणजे ताशी जवळपास 65 किलोमीटर. आपल्या रस्त्यांवर एसटीसुद्धा तेवढी सुसाट जात नाही. ही वही ज्या पोराची, तो पोरगा सुट्टीत रोज बैलगाडी हाकत होता. गाडीबरोबर चालत कसं जायचं, गाडी लांब गेली तर चार पावलं पळून मागून कसं चढायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी उत्तर लिहिताना त्याला काही खटकलं नाही. दप्तर उघडताना त्याने आपलं सगळं शहाणपण शाळेच्या फाटकाबाहेर ठेवलं होतं.

ते बाहेर ठेवायची सवय त्याला आम्हीच लावली. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे मला म्हणता येतं. आज हे लिहितोय ते आष्टीच्या नववी-दहावीच्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. आष्टी म्हणजे आपली, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. बीडची नाही आणि वर्ध्याचीही नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'गतीचे नियम' आणि 'कार्य आणि ऊर्जा' हे धडे सुरुवातीलाच येतात, दहावीला 'गुरुत्वाकर्षण' येतं. जून-जुलैत, पेरणीच्या धांदलीत, हे धडे शिकवून होतात. बरीच पोरं तिथेच ठरवून टाकतात की विज्ञानातली गणितं आपल्या बसची नाहीत. मग परीक्षेत आकृती काढायचे, व्याख्या लिहायचे, फरक स्पष्ट करायचे मार्क घ्यायचे आणि गणित सोडून द्यायचं. पुढे अकरावीला सायन्स घ्यायची वेळ येते तेव्हा हाच धाक आडवा येतो. मुलींच्या बाबतीत तर घरचेही म्हणतात, 'राहू दे, आर्ट्स घे.'

माझं म्हणणं एवढंच आहे. या धड्यांत जे आहे त्यातलं निम्मंअधिक तुम्ही हातांनी, पायांनी, खांद्यांनी शिकलेले आहात. ते वहीत आणा. सूत्र नंतर.

बैलगाडीपासूनच सुरू करू. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध. एखादा चौकस पोरगा मग विचारतो, 'सर, बैल गाडीला पुढं ओढतो आणि गाडी बैलाला तेवढ्याच बलानं मागं ओढते, तर गाडी हलते कशी?' हा प्रश्न वर्गात आला की बऱ्याचदा 'ते परीक्षेत येत नाही' म्हणून मिटवला जातो. माझ्या मते ज्या दिवशी हा प्रश्न सुटतो त्या दिवशी बलाचा धडा समजतो. त्याआधी नाही.

वही घ्या, गाडीचं चित्र काढा. बैल वेगळे काढा, गाडी वेगळी. आता फक्त गाडीकडे बघा. समजा गाडी आणि माल मिळून 1000 किलो. बैल जुवातून तिला 500 न्यूटनने पुढे ओढतात. चाकाचं, आसाचं, रस्त्याचं घर्षण तिला 300 न्यूटनने मागे खेचतं. गाडीवर उरलं 200 न्यूटन. 200 ला 1000 ने भागा, गाडीचं त्वरण 0.2. संपलं. गाडी बैलांना मागे ओढते ते 500 न्यूटन गाडीच्या हिशेबात येतच नाहीत, कारण ते बैलांवर आहेत. आता बैलांकडे बघा. गाडी त्यांना 500 ने मागे खेचते आहे आणि ते तरीही पुढे जातात, कारण खुरांनी ते जमिनीला मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. हे खरं आहे की नाही, ते पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बघा. चिखल झाला की खूर घसरतो. बैलाच्या अंगातली ताकद कमी झालेली नसते, जमिनीने उलट रेटा द्यायला नकार दिलेला असतो. मग आपण काय करतो? खुरांखाली पाचट टाकतो, पोतं अंथरतो. तुमच्या आजोबांनी न्यूटन वाचला नव्हता, पण घर्षण कुठे हवं आणि कुठे नको हे त्यांना पक्कं माहीत होतं. खुराखाली हवं, आसात नको. म्हणून आसाला वंगण घालायचं आणि चिखलात पाचट.

याच चित्रावर आणखी एक प्रश्न विचारा. गाडी एकदा चालू लागली आणि सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालली आहे. आता बैल किती बल लावतात? दहातली नऊ पोरं सांगतात, '300 पेक्षा जास्त, नाहीतर गाडी थांबेल.' चूक. बरोबर 300. घर्षण 300 मागे, बैल 300 पुढे, शिल्लक शून्य. शिल्लक शून्य असताना गाडी थांबत नाही, आहे त्याच वेगाने चालत राहते. न्यूटनचा पहिला नियम हाच आहे. गाडी हाकणाऱ्याला हे माहीतच असतं. गाडी हलवताना बैल माना खाली घालून जोर लावतात, आणि एकदा चाल लागली की कासरा सैल सोडून माणूस डुलकी घेतो. पुस्तकातलं 'संतुलित बल' म्हणजे ती डुलकी.

चित्र काढण्यावर मी एवढा का अडून बसतो, ते सांगतो. आपल्या भागात शाब्दिक गणितांची परंपरा फार जुनी आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' साधारण 1150 सालची. पुढे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला आहे. त्या लीलावतीत एक गणित आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे सत्तावीस हातांवरून, साप बिळाकडे निघाला. मोराने त्याच्यावर तिरपी झेप घेतली. दोघांचं अंतर सारखंच, तर मोराने सापाला बिळापासून किती हातांवर धरलं? उत्तर बारा. हे गणित वाचून एकही सूत्र सुचत नाही. पण मातीवर काटकोन काढला, एका बाजूला खांब, खाली साप, वरून तिरपी रेघ, की पायथागोरस आपोआप समोर उभा राहतो. मोर कसा झेपावतो हे ज्याने बघितलं आहे त्याला हे चित्र काढायला कुणी शिकवावं लागत नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या गुरूंनी मोर आणि साप घेतले कारण विद्यार्थ्याला ते दिसत होते. तुम्ही मोटर, ट्रॉली, हंडा घ्या.

हंड्याची गोष्ट मला नीट सांगायची आहे, कारण तिथे माझ्याकडून चूक झाली होती.

'कार्य' शिकवताना पुस्तक सांगतं, वस्तूवर बल लावलं आणि बलाच्या दिशेने विस्थापन झालं तरच कार्य होतं. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चाललं तर बल वर आणि विस्थापन आडवं, म्हणून गुरुत्वाच्या विरुद्ध केलेलं कार्य शून्य. एका मुलीने हात वर केला. म्हणाली, 'सर, माझी माय अर्ध्या किलोमीटरावरून हंडा आणती. पुस्तक म्हणतं तिचं काम शून्य. मग तिला घाम कशाचा येतो?' वर्ग हसला. मी म्हणालो, 'परीक्षेत शून्यच लिही.' ती खाली बसली आणि पुन्हा वर्षभरात तिने प्रश्न विचारला नाही.

तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो. भौतिकशास्त्र इथे हंड्याचं खातं लिहितं, मायचं नाही. हंड्यात पाणी धरून 16 किलो. जमिनीवरून डोक्यापर्यंत दीड मीटर उचलला. 16 गुणिले 9.8 गुणिले 1.5, म्हणजे 235 ज्यूल. एवढी ऊर्जा हंड्याच्या खात्यावर जमा झाली. पुढचा अर्धा किलोमीटर हंडा त्याच उंचीवर राहिला, त्याच्या खात्यावर नवीन काही जमा झालं नाही. पुस्तकातलं शून्य ते हे. पण मायच्या खात्यातून सारखा खर्च होत राहिला. स्नायू ताणून धरायचा म्हणजे त्याचे तंतू पुन्हा पुन्हा आखडावे लागतात, प्रत्येक वेळी ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. घाम त्या उष्णतेचा. शिवाय चालताना दर पावलाला शरीर आणि हंडा थोडे वर जातात आणि खाली येतात. वर नेताना लागलेली सगळी ऊर्जा खाली येताना परत हातात मिळत नाही. म्हणजे हंड्याचं खातं कोरडं असताना माणूस दमतो. यात मायचे कष्ट कुठेही शून्य होत नाहीत. 'कार्य' हा शब्द बोलीत मोठा आहे, शास्त्राने तो एका छोट्या अर्थापुरता बांधून घेतला आहे, एवढंच. शिक्षकांनो, हे वर्गात बोलून दाखवा. ज्या घरात रोज हंडे वाहिले जातात त्या घरातल्या मुलीला 'शून्य' हा शब्द लागतो.

आता विहिरीवर चला. एकटे जाऊ नका, मोठं माणूस बरोबर घ्या. कठड्याशिवायच्या विहिरीच्या काठावर वाकायचं नाही आणि स्टार्टरला ओल्या हाताने शिवायचं नाही. मोटर मोठ्या माणसाने चालू करायची.

पहिलं काम, पाणी किती खोल आहे ते बिनदोरीने मोजायचं. एक छोटं ढेकूळ हातातून सोडा. फेकू नका, नुसतं सोडा. सोडल्यापासून 'डुबुक' ऐकू येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. समजा 2 सेकंद लागले. पडण्याचं अंतर म्हणजे गुरुत्व त्वरणाचा निम्मा भाग गुणिले वेळेचा वर्ग. 4.9 गुणिले 4, म्हणजे 19.6 मीटर. जुन्या माणसांच्या हिशेबात दहा-अकरा परस. आता तिथे उभ्या असलेल्या काकांना किंवा आजोबांना विचारा, पाणी किती परसावर आहे? त्यांचं उत्तर आणि तुमचं उत्तर जवळपास यायला हवं.

आलं नाही तर निराश होऊ नका, तिथूनच खरं शिकणं सुरू होतं. बोट 0.2 सेकंद लवकर दाबलं गेलं तर अंतर येतं 16 मीटर, 0.2 सेकंद उशिरा दाबलं गेलं तर जवळपास 24. वेळेचा वर्ग होतो, म्हणून वेळेतली छोटी चूक अंतरात मोठी होऊन बसते. म्हणून एकदा मोजून भागत नाही, दहा वेळा मोजा आणि सरासरी घ्या. आवाज वर यायलाही वेळ लागतो, पण 20 मीटरला तो सेकंदाचा सोळावा-सतरावा हिस्सा. तुमच्या बोटाच्या चुकीपुढे तो किरकोळ. पुस्तकात 'हवेचा रोध नगण्य माना' असं छापलेलं असतं तेव्हा असंच काहीतरी म्हणायचं असतं. कोणती चूक मोठी आणि कोणती सोडून देण्यासारखी, हे एकदा विहिरीवर कळलं की ते वाक्य पुन्हा कोड्यासारखं वाटत नाही.

दुसरं काम मोटरीचं. विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे असं धरू. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, पाचची झाली 3730. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते 20 मीटर वर आणायला 9.8 गुणिले 20, म्हणजे 196 ज्यूल लागतात. 3730 ला 196 ने भागा. सेकंदाला 19 लिटर पाणी यायला हवं.

येतं का? पाइपाच्या तोंडाशी 200 लिटरचा ड्रम ठेवा आणि तो किती सेकंदात भरतो ते बघा. समजा 20 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला 10 लिटर. पाण्याला मिळालेली शक्ती झाली 1960 वॅट. मोटरीच्या पाटीवर 3730, पाण्याला मिळाले 1960. निम्म्याच्या थोडं वर. बाकीची कुठे गेली? पाइपाच्या आत पाणी घासलं, एल्बोच्या वळणावर ते अडलं, फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा होता, पंप झिजला होता. ऊर्जा नाहीशी झाली नाही, उष्णता होऊन गेली.  मोटर विजेतून घेते ते तर 3730 पेक्षाही जास्त असतं, म्हणून चालू असताना ती गरम होते.

दोन गोष्टींत पोरं इथे हमखास चुकतात. पहिली, विहिरीची खोली आणि पाण्याची खोली यांतली गल्लत. मोटर पाणी उचलते ते पाण्याच्या पातळीपासून, तळापासून नाही. दिवाळीला पाणी वर असतं तेव्हा तीच मोटर जास्त पाणी का देते आणि एप्रिलमध्ये कमी का, याचं उत्तर त्या उंचीत आहे. दुसरी गोष्ट, काठावर ठेवलेला पंप दहा मीटरच्या खालचं पाणी ओढू शकत नाही, मोटर कितीही मोठी घ्या. कारण पाणी पंप ओढत नाही, बाहेरची हवा दाबून वर चढवते आणि हवेच्या दाबाची मजल सव्वादहा मीटरच्या आसपास संपते. व्यवहारात सात-आठ मीटरलाच गाडी अडते. म्हणून पाणी खाली गेलं की आपण मोटर विहिरीत खाली उतरवतो किंवा पाणबुडी मोटर घेतो. तुमच्या घरी हे दर उन्हाळ्यात होत असेल. त्याचं कारण तुम्हीच घरच्यांना सांगा.

विजेच्या बिलावरचा युनिट म्हणजे एक किलोवॅट तास, 36 लाख ज्यूल. एका युनिटात 20 मीटरवरून कागदावर 18 हजार लिटर पाणी वर यायला हवं, प्रत्यक्षात निम्मं धरा. आणि ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण साडेचौदा लाख ज्यूल असतात, म्हणजे पाव किलो पीठ आणि एक युनिट वीज यांतली ऊर्जा जवळपास सारखी. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा ताटातल्या भाकरीकडे जरा थांबून बघितलं होतं. शेतात दिवसभर राबणारं शरीर तीन-चार युनिटांवर चालतं.

हे गणित नुसतं मार्कांपुरतं नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत 3, 5 आणि साडेसात एचपीचे पंप मिळतात. आपल्या विहिरीचं पाणी किती खोल, दिवसाला किती लिटर लागतं, मग कोणता पंप पुरेल, हा नववीच्या दुसऱ्या धड्यातला प्रश्न आहे. आज तो बहुतेक घरांत दुकानदाराच्या तोंडावर सोडून दिला जातो. घरात नववीची पोरगी असेल तर वही-पेन घेऊन तिला हिशेब मांडायला बसवा.

उंचीचं महत्त्व आणखी मोठ्या आकड्यांत बघायचं असेल तर जायकवाडी आणि कोयना शेजारी शेजारी ठेवा. जायकवाडीचा पाया 1965 ला घातला गेला, धरण 1976 ला पूर्ण झालं, आणि त्याचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यातून परभणीकडे जातो. दोन्ही धरणांत पूर्ण भरल्यावर साधारण शंभर टीएमसी पाणी मावतं. पण जायकवाडीच्या पैठण वीजघराची क्षमता 12 मेगावॅट आणि कोयनेची 1960. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणच्या बाजूला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं, जायकवाडीच्या धरणाची उंचीच चाळीसेक मीटर. कोयनेच्या एका लिटरात साडेचार हजारांवर ज्यूल, आपल्याकडे तीनशे-चारशेच्या घरात. पोरांनो, 1960 ला 12 ने भागलं तर 163 येतात आणि उंचीचा हिशेब फार तर पंधरा-सोळा पटींचा लागतो. मग उरलेला फरक कशाचा? पाणी कशासाठी राखलंय याचा. कोयनेचं पाणी मुख्यतः विजेसाठी सोडतात, जायकवाडीचं शेतीला, पिण्याला आणि उद्योगांना. सूत्र कुठपर्यंत साथ देतं आणि कुठे माणसांचे निर्णय सुरू होतात, तेही उदाहरण सोडवतानाच कळतं.

एक गणित मात्र मी प्रत्येक घरात करून घ्यावं म्हणून हात जोडून सांगतो. मोटरसायकलचं.

ताशी 30 चा वेग म्हणजे सेकंदाला 8.3 मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात गाडी 8 मीटर गेलेली असते. मग ब्रेक लागून ती आणखी 7 मीटरवर थांबते, एकूण 15. आता वेग ताशी 60 करा. पहिल्या सेकंदातच 17 मीटर, आणि ब्रेक लागल्यावर 28, एकूण 45. वेग दुप्पट केला तर ब्रेकनंतरचं अंतर चौपट झालं, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ती सगळी ब्रेकला आणि टायरला पचवावी लागते. पाऊस पडून रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झालेला असेल, पकड निम्मी झाली, तर ते 28 चे 56 होतात आणि गाडी सत्तर मीटरच्या पुढे थांबते. रात्री गाडीच्या दिव्यात सत्तर मीटर पुढचं नीट दिसतं का, ते एकदा रस्त्यावर बघा.

आता उसाच्या हंगामात रस्त्याकडेला लाइट नसलेली भरली ट्रॉली उभी आहे, असं चित्र काढा. किंवा तीच ट्रॉली उतारावरून येते आहे. माल धरून 10 टन, वेग ताशी फक्त 20. तिची गतिज ऊर्जा दीड लाख ज्यूलच्या वर जाते. ताशी 60 ने जाणाऱ्या, दोघं बसलेल्या मोटरसायकलची असते 35 हजारांच्या आसपास. ट्रॉली हळू चालते म्हणून ती निरुपद्रवी आहे असं आपल्याला वाटतं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ही सगळी ऊर्जा एकट्या ट्रॅक्टरच्या चाकांनी थोपवायची असते, आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलत नेते. जडत्वाची व्याख्या लिहून दोन मार्क मिळतात. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावायला फार पैसे लागत नाहीत. ज्या पोराने हे गणित सोडवलं त्याने संध्याकाळी घरच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर आहे का ते बघावं, आणि नसेल तर घरच्यांच्या मागे लागावं.

आता आई-वडिलांना दोन शब्द. तुम्ही शाळा किती शिकलात याच्याशी या कामाचा काही संबंध नाही. संध्याकाळी 'किती मार्क पडले' एवढंच विचारण्याऐवजी 'आज कोणतं गणित केलं आणि उत्तर काय आलं' हे विचारा. उत्तर सांगितलं की आणखी एक विचारा, 'असं होतं का खरंच?' बैलगाडी सेकंदाला 18 मीटर जाते का, हे तुम्ही पोराला एका क्षणात सांगू शकला असता. वहीवरची ती चौकट तुमच्या एका 'होय का रे?' ने पुसली गेली असती. क्लासच्या फीला पैसे लागतात, या प्रश्नाला नाही. पोरगं विहिरीवर ढेकळं टाकतंय म्हणून ओरडू नका, शेजारी उभे राहा.

माझ्यासारख्या शिक्षकांनाही विनंती आहे. गणितात दिलेल्या बाबी, सूत्र, किंमत घाला, उत्तर, ही उतरंड फळ्यावर लिहिण्याआधी पाच मिनिटं खडू खाली ठेवा. काय घडतंय ते पोरांना आपल्या भाषेत सांगू द्या. 'बैल वढतोय, चाक अडतंय' असं सांगितलं तरी चालेल, प्रमाण भाषा नंतर येते. उत्तर काढण्याआधी ते अंदाजे किती येईल हे बोलून घ्या. अंदाज चुकला तर मार्क कापू नका. आणि आठवड्यातून एकदा पोरांना स्वतः गणित तयार करायला सांगा, आपल्या गावातलं, आपल्या शेतातलं. मी हे उशिरा सुरू केलं. एका मुलाने उफणणीचं गणित आणलं होतं. वारा सारखाच असताना ज्वारीचे दाणे जवळ पडतात आणि भुसा लांब जातो, तर का? सूप हातात धरून वाढलेलं पोर तो प्रश्न वहीत आणतं तेव्हा शिक्षकाने आपली टाचणं बाजूला ठेवावीत.

येत्या रविवारी एवढं करा. दोन-तीन पोरं मिळून, एक मोठं माणूस बरोबर घेऊन, एका विहिरीवर जा. दहा वेळा ढेकूळ सोडा, दहा वेळा वेळ घ्या, सरासरी काढा. मोटर चालू करून ड्रम भरा, सेकंद मोजा. मोटरीच्या पाटीवरचा एचपीचा आकडा लिहून घ्या. सगळं एका पानावर मांडा, चित्रासकट, चुकांसकट, आणि सोमवारी ते पान आपल्या विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. ड्रम भरायला वीसेक सेकंद लागतात. त्या पाण्याने जाता जाता एका झाडाला पाणीही देता येईल.